तलवारचोच आणि खर्चुडी

मराठवाड्यातील जुन्या वाड्यांच्या भिंतींवर, शाळेच्या फाटकावर किंवा आडाशेजारच्या मांडवावर कृष्णकमळाचा वेल हमखास दिसतो. फुलातील जांभळ्या तंतूंचे कडे म्हणजे शंभर कौरव, त्यावरचे पाच परागकोश म्हणजे पांडव आणि मध्यभागी साक्षात श्रीकृष्ण, अशी ओळख आमच्याकडच्या आज्या नातवंडांना करून देत आल्या आहेत. हे फूल आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की त्याचे बहुतेक सारे गोत अमेरिका खंडातले आहे, हे चटकन पटत नाही. पॅसिफ्लोरा या प्रजातीत पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य मध्य व दक्षिण अमेरिकेत उगवतात. त्यांपैकी पॅसिफ्लोरा मिक्स्टा नावाची एक वेल अँडीज पर्वताच्या थंड आणि ढगाळ उतारांवर वाढते. तिचे फूल गुलाबी असते, पण आपल्या कृष्णकमळासारखे पसरट नसते. पाकळ्यांच्या मागे एक लांब, अरुंद नळी असते आणि मध त्या नळीच्या अगदी तळाशी साठतो. नळीच्या तोंडातून रीतसर आत शिरून तो मध पिऊ शकेल असा एकच पक्षी त्या डोंगरांत आहे. तो हमिंगबर्डच्या कुळातला आहे आणि त्याचे शास्त्रीय नाव एन्सिफेरा एन्सिफेरा असे आहे. इंग्रजीत त्याला तलवारीच्या चोचीचा हमिंगबर्ड म्हणतात, म्हणून मी त्याला तलवारचोच म्हणतो.

या पक्ष्याबद्दल वाचताना मला दर वेळी बालाघाटच्या उतारावर पावसाळ्यात उमलणारे एक लहानसे रानफूल आठवत राहिले आहे. त्या फुलाचे नाव खर्चुडी. दोघांत हजारो किलोमीटरचे आणि एका महासागराचे अंतर आहे. एक पक्षी आहे आणि दुसरी वनस्पती. एकाचे आयुष्य हवेत जाते आणि दुसरीचे बरेचसे मातीखाली. तरीही दोघांना शेजारी ठेवून पाहिले की दुर्मिळ जीव टिकतो कसा आणि कोणाच्या आधाराने टिकतो, याविषयी काहीतरी अधिक नीट कळते, असा माझा अनुभव आहे.

आधी पक्ष्याविषयी. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज अस्तित्वात आहेत आणि त्या सर्व अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत, म्हणजे फक्त अमेरिका खंडातच राहतात. भारतात एकही हमिंगबर्ड नाही. आमच्याकडे पळस फुलला की त्यावर चमकत्या जांभळ्या रंगाचा जो चिमुकला पक्षी येतो तो शिंजीर. माझे विद्यार्थी मोबाइलवरची चित्रफीत पाहून त्यालाच हमिंगबर्ड समजतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण फुलातील मधावर जगण्याची सवय दोन वेगळ्या कुळांना वेगवेगळ्या खंडांत लागली आणि दोघांची रूपे परस्परांशी मिळतीजुळती झाली. शिंजीर बहुधा फांदीवर बसून मध पितो. हमिंगबर्ड हवेत एका जागी स्थिर राहून पितो, आणि त्यासाठी त्याच्या पंखांची रचनाच वेगळी आहे. इतर पक्ष्यांना उचलून धरणारा जोर मुख्यतः पंख खाली मारताना मिळतो. हमिंगबर्डला मात्र पंख वर नेतानाही सुमारे पाव हिश्शाइतका आधार मिळतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसून आले. एके काळी हे पक्षी अमेरिकेबाहेरही होते. जर्मनीत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे त्यांचे जीवाश्म सापडले असून गेराल्ड मायर यांनी २००४ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. जुन्या जगातून ते का नाहीसे झाले हा वेगळा विषय आहे, पण एक संपूर्ण कूळ एका गोलार्धातून पुसले जाऊ शकते ही गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे.

तलवारचोच व्हेनेझुएलापासून बोलिव्हियापर्यंत अँडीजच्या वरच्या अंगाला, साधारणतः अडीच ते साडेतीन हजार मीटरच्या दरम्यान आढळतो. त्याचे वजन बारा ग्रॅमच्या आसपास असते. चोच मात्र दहा सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकते, आणि शेपटी वगळली तर उरलेल्या शरीरापेक्षा चोचच लांब भरते. पक्ष्यांच्या जगात असे दुसरे उदाहरण नाही. या चोचीची किंमत त्याला रोज मोजावी लागते. इतर पक्षी आपली पिसे चोचीने साफ करतात. याची चोच स्वतःच्या अंगापर्यंत वळू शकत नाही, म्हणून तो पायाने अंग खाजवतो आणि पिसे नीट करतो. फांदीवर बसताना तोल सांभाळण्यासाठी तो चोच तिरकी वर धरून बसतो. लहान फुलांवर त्याचा निभाव आखूड चोचीच्या पक्ष्यांइतका सहज लागत नाही. एवढा सगळा खटाटोप लांब नळीच्या फुलांसाठी आहे. आपल्या धोतऱ्याच्या कुळातील, झाडावर खाली लोंबणारी मोठी कर्ण्याच्या आकाराची फुले आणि कृष्णकमळाच्या लांब नळीच्या बहिणी हे त्याचे मुख्य अन्न होय.

फूल लोंबत असते, पक्षी त्याच्या खाली हवेत उभा राहतो आणि चोच वर करून नळीत घालतो. मध तळाशी असल्यामुळे त्याला डोके पाकळ्यांपर्यंत न्यावे लागते, आणि तेवढ्यात परागकोश त्याच्या कपाळाला घासून जातात. पुढच्या फुलात हेच कपाळ कुक्षीला लागते. नळी थोडी आखूड असती तर पक्ष्याने डोके न टेकवताच मध पिऊन निरोप घेतला असता; चोच थोडी आखूड असती तर पक्षी उपाशी राहिला असता. दोघांनी मिळून एकमेकांची लांबी वाढवत नेली, असे शास्त्रज्ञ मानतात. मध पिण्याची क्रियासुद्धा थक्क करणारी आहे. हमिंगबर्डची जीभ टोकाला दुभंगलेली असते आणि तिच्या कडांना बारीक झालरी असतात; जीभ मधात शिरली की त्या उलगडतात आणि बाहेर येताना मध मिटून घेतात. दीडशेहून अधिक वर्षे असे समजले जात होते की मध जिभेच्या खोबणीतून केशाकर्षणाने आपोआप वर चढतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, अतिवेगवान कॅमेऱ्यांच्या साहाय्याने, हा समज दुरुस्त झाला.

या मैत्रीतील धोकाही अभ्यासकांनी नोंदवला आहे. इक्वाडोरमधील पॅसिफ्लोरा मिक्स्टाविषयीचा एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याचा रोख असा होता की ही वेल बीज धरण्यासाठी या एकाच पक्ष्यावर सर्वस्वी अवलंबून आहे. लांब नळीच्या कृष्णकमळांच्या तीसहून अधिक जातींची हीच स्थिती सांगितली जाते. पक्षी मात्र अनेक प्रकारच्या फुलांवर जातो. म्हणजे अवलंबित्व दोन्ही बाजूंना सारखे नाही. वेल पूर्णपणे पक्ष्याच्या हाती आहे आणि पक्षी थोडा मोकळा आहे. पुढे २०१४ साली या वेलींच्या वंशावळीचा अभ्यास झाला तेव्हा आणखी एक गोष्ट उजेडात आली. हे नाते सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी जुळले असावे. परंतु काही वेलींनी नंतर नळी आखूड करून वटवाघळांशी किंवा आखूड चोचीच्या हमिंगबर्डशी नवी सोयरीक केली. टोकाला गेलेले जीव परत फिरूच शकत नाहीत, या समजुतीला त्यामुळे छेद गेला. मला ही बातमी फार दिलासा देणारी वाटली, मात्र ते परत फिरणे लक्षावधी वर्षांच्या हिशेबातले आहे, हे विसरता येत नाही.

आता खर्चुडी. शास्त्रीय भाषेत ही सेरोपेजिया या प्रजातीतील बल्बोसा नावाची जात. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ साली कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात तिचे चित्र आणि वर्णन प्रसिद्ध केले. सेरोपेजियाच्या भारतात पन्नासच्या आसपास जाती आहेत, त्यांपैकी बऱ्याचशा भारताबाहेर कुठेच नाहीत आणि सह्याद्रीत त्यांची सर्वाधिक दाटी आहे. अंजनेरीसारख्या एखाद्याच डोंगराच्या आसऱ्याला राहिलेल्या जातीही त्यांत आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक एस. आर. यादव यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वनस्पतींचा शोध, संवर्धन आणि लागवड यांसाठी जे काम केले आहे, त्याचे मोल मोठे आहे. आमच्याकडची बल्बोसा ही त्या मानाने दूरवर पसरलेली आहे. देशातल्या अनेक कोरड्या प्रदेशांतून तिच्या नोंदी आहेत. तरीही ती कुठेच विपुल नसते. बालाघाटच्या ज्या उतारावर मी तिला पाहत आलो आहे, तिथे सारे मिळून मोजक्या वेली आहेत. त्या जागेचे नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण कंद खणून विकणाऱ्यांना आणि हौसेने कुंडीत लावणाऱ्यांना जागेचे नाव पुरेसे होते.

उतार मुरमाड आहे. वर बरड माळ, खाली कोरडवाहू शेते आणि मधल्या पट्ट्यात हिवर, खैर, बोराटी, तरवड आणि कुसळीचे गवत. श्रावणात या बोराटीच्या काट्यांत हात घालून पाहावे तर एक नाजूक, मांसल पानांची वेल वर चढलेली दिसते. पानांचा आकार कधी गोलसर तर कधी अगदी अरुंद असतो, त्यामुळे फूल आल्याशिवाय ओळख पटवणे कठीण जाते. फूल साधारण दोन सेंटिमीटरचे. खाली फुगीर, मध्ये निमुळती नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे मध्ये पाच खिडक्या तयार होतात. दिवाळीच्या आकाशकंदिलाची आठवण करून देणारी ही रचना पाहूनच या फुलांना कंदीलपुष्प हेही नाव मिळाले असावे. नळी फिकट हिरवट, पाकळ्या गडद जांभळ्या आणि त्यांच्या कडांना बारीक केस. दुरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. गुडघे मातीत टेकवून जवळ गेल्यावरच हे सौंदर्य भेटते.

हेही नळीचेच फूल आहे, आणि इथेच तलवारचोचीशी असलेली त्याची तुलना खऱ्या अर्थाने सुरू होते. अँडीजमधल्या वेलीने नळीच्या तळाशी मध ठेवला, दार उघडे ठेवले आणि पाहुण्याला हवे तेव्हा जाऊ दिले. खर्चुडीची नळी हा सापळा आहे. तिच्याकडे येतात त्या अगदी बारीक माश्या, म्हणजे ज्यांना आपण सरसकट चिलटे किंवा केमरे म्हणतो त्या वर्गातले कीटक. गंधाने ओढलेली माशी खिडकीतून आत शिरते. नळीच्या आतल्या बाजूचे केस खाली झुकलेले असतात. त्यांवरून उतरता येते, चढता येत नाही. माशी तळाच्या फुगीर खोलीत पोहोचते. तिथे थोडा मध असतो, आणि अनेक जातींत तळाच्या भागाची भिंत इतकी फिकट असते की बाहेरचा उजेड आत झिरपतो. माशी त्या उजेडाला दार समजून तिथेच धडपडत राहते. मध चाटताना तिच्या तोंडाला परागांची एक जोडगोळी चिमट्यासारखी अडकते. रुईच्या फुलातही पराग असेच पुंजक्यांत असतात, आणि हे स्वाभाविक आहे, कारण मारुतीला जिच्या पानांचा हार घालतात ती रुई आणि ही खर्चुडी एकाच कुळातल्या. काही काळाने नळीतले केस कोमेजतात, वाट मोकळी होते आणि माशी पराग घेऊन बाहेर पडते. ती पुन्हा दुसऱ्या फुलात फसली तर परागण होते.

फसवण्याची ही विद्या सेरोपेजियाच्या काही जातींत किती पुढे गेली आहे, याचा एक पुरावा दक्षिण आफ्रिकेतील सेरोपेजिया सँडरसोनाय या जातीत सापडला. कोळ्याने मधमाशी पकडली की तिच्या अंगातून जे रस गळतात, त्यांवर जगणाऱ्या काही माश्या आहेत. संकटात सापडलेल्या मधमाशीच्या अंगातून ज्या गंधद्रव्यांचा दर्प सुटतो, त्यांतली कित्येक द्रव्ये हे फूल स्वतः तयार करते. माशी मेजवानीच्या आशेने येते आणि नळीत अडकते. २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. ते वाचल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होतो. फुलाने मृत्यूचा वास आपला म्हणून धारण करावा, हे आपल्या फुलांविषयीच्या सगळ्या कल्पनांना धक्का देणारे आहे. पण त्यात फुलाचा दोष शोधणे व्यर्थ आहे. माशी मरत नाही, तिचा थोडा वेळ जातो, आणि एक वंश पुढे चालतो.

माझ्या मनात या दोन गोष्टी शेजारी येतात तेव्हा नीती-अनीतीपेक्षा दुसराच विचार प्रबळ होतो. तलवारचोच आणि त्याची वेल यांची जोडी जगभर प्रसिद्ध आहे, कारण दोघेही देखणे आहेत. त्यांची छायाचित्रे दिनदर्शिकांवर शोभतात, पर्यटक त्यांना पाहायला इक्वाडोर आणि कोलंबियात जातात, आणि पक्षी वाचवला की वेलही वाचते हे लोकांना समजावून सांगणे सोपे जाते. खर्चुडीची सोबतीण मात्र कुणालाच आवडत नाही. चिलटे म्हटली की आपण गोठ्यात धूर करतो, औषध फवारतो. कुजलेला पाला, शेण, काट्याकुट्यांची ओल धरलेली सावली, कोळ्यांची जाळी, मेलेले किडे या सगळ्या गोष्टी मिळून ती चिलटे जगतात, आणि त्यांच्यामुळे खर्चुडीला बी धरते. एखादे दुर्मिळ फूल जपायचे म्हणजे त्याच्याभोवती कुंपण घालून आतली जागा स्वच्छ करायची, अशी जी आपली कल्पना आहे, ती या फुलाच्या बाबतीत उलटी पडेल. स्वच्छ केलेल्या जागेत वेल कदाचित वाढेल, फुलेलही. पण शेंग धरणार नाही. मला या तुलनेतून सर्वांत महत्त्वाचे कळले ते हे, आणि म्हणूनच मी हा लेख लिहीत आहे.

दोघांमध्ये आणखी एक साम्य आहे, आणि दुष्काळी प्रदेशात वाढलेल्या माणसाला ते विशेष भिडते. हमिंगबर्ड जागा असताना इतकी शक्ती खर्च करतो की त्याचे हृदय मिनिटाला हजाराच्या वर ठोके देऊ शकते. अँडीजमध्ये रात्री कडाक्याची थंडी पडते, आणि मध तर रात्री पिता येत नाही. अशा वेळी हे पक्षी शरीराचा सारा व्यवहार जवळजवळ थांबवतात. ठोके पन्नासच्या आसपास उतरतात, शरीर थंड पडते. पेरूमधील अँडीजमध्ये सुमारे ३८०० मीटर उंचीवर केलेल्या एका अभ्यासात, जो २०२० साली प्रसिद्ध झाला, ब्लॅक मेटलटेल नावाच्या हमिंगबर्डच्या शरीराचे तापमान रात्री ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलेले नोंदवले गेले. कुठल्याही पक्ष्यात याआधी इतके कमी तापमान मोजले गेले नव्हते. पहाट झाली की तो पक्षी अंग थरथरवून स्वतःला पुन्हा ऊब आणतो आणि फुलांकडे जातो. हे काम तो रात्रीमागून रात्र करतो.

खर्चुडी हेच वर्षाच्या हिशेबाने करते. आमच्या भागात वार्षिक पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर एवढ्यात, आणि त्यातही मध्ये मोठे खंड पडतात. वेल पावसाळ्यात उगवते, घाईने वाढते, फुलते, आणि थंडी सुरू होईपर्यंत वाळून नाहीशी होते. उरतो तो मुरमाखाली काही बोटे खोल असलेला एक चपटा, गोल कंद. मार्च-एप्रिलच्या उन्हात जेव्हा वरचा दगड हाताला चटका देतो, तेव्हा तो कंद खाली पाणी आणि पिष्ट धरून असतो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो उन्हाळा इथला कुणीच विसरलेला नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात, सुरुवातीच्या चांगल्या झडीनंतर, त्याच उतारावर तिचे कोंब वर आलेले मी पाहिले. त्या क्षणी मला झालेला आनंद शब्दांत नीट मांडता येणार नाही. माणसे गाव सोडून पुण्या-मुंबईकडे गेली होती, विहिरींचे तळ उघडे पडले होते, आणि हा सुपारीहून थोडा मोठा कंद आपल्या जागी राहिला होता.

इथे दोघांतला फरकही स्पष्ट होतो. हवामान बदलले, खालच्या पट्ट्यातली झाडी गेली तर पक्षी उताराने थोडा वर सरकू शकतो, दुसऱ्या दरीत जाऊ शकतो. तलवारचोच आज धोक्यातल्या जातींत गणला जात नाही, त्याचे एक कारण त्याचा मोठा पसारा हेही असावे. खर्चुडीचा कंद जागा सोडू शकत नाही. तिच्या वंशाला दुसरीकडे जाण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते, ती बारीक जोडशेंग वाळून तडकल्यावर, जेव्हा रुईच्या बीसारखे रेशमी तुरे असलेले बी वाऱ्यावर उडते. ते बी जिथे पडेल तिथे मुरूम, काटेरी झुडपाची सावली आणि चिलटे या तिन्ही गोष्टी असल्या पाहिजेत. हा योग आता कमी कमी होत चालला आहे. खडीसाठी डोंगर फोडले जातात, रस्त्यांच्या भरावासाठी मुरूम उचलला जातो, बांधावरची बोराटी उन्हाळ्यात पेटवली जाते. हिरवळ वाढावी या चांगल्या हेतूने गवताळ उतारांवर चर खणून गिरिपुष्पासारखी झाडे लावली जातात, आणि त्या चरांत कंद उलटून पडतात, हेही मी पाहिले आहे. माळरानाला पडीक जमीन म्हणण्याची आपली सवय यामागे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या जमिनीला पडीक म्हटले, तिच्यावर काय उगवते हे पाहायला कोणी वाकत नाही.

त्या उतारावर मेंढ्या घेऊन येणारे एक वयस्क धनगर आहेत. मला काट्यांत डोके घालून बसलेला पाहून ते एकदा थांबले आणि म्हणाले, "काय हुडकायलाव, गुरुजी?" मी वेल दाखवली. त्यांनी काठीच्या टोकाने पान हलके उचलले आणि ओळखीची खूण पटल्यासारखे हसले. "ह्येचा कंद आमी ल्हानपणी लई खाल्लाय. बहात्तरच्या दुकाळात आईनं उकडून घातलाय आमाला." मी विचारले, "आबा, अजून खणता का?" ते म्हणाले, "आता खणायला ऱ्हायलाय कुटं? तवा टोपलं भरायचं. आता पोरास्नी दावायला बी गावत न्हाई."

आबांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण मला ते बोलणे कोणत्याही सर्वेक्षणाच्या तक्त्याइतकेच मोलाचे वाटले. भुकेच्या वर्षी ज्या वेलीने या उतारावरच्या लेकरांना पोटाला आधार दिला, तिच्याविषयी आपण कृतज्ञ असायला हवे, एवढेच मी त्यांना म्हणालो. मग मी त्यांना अँडीजमधल्या त्या पक्ष्याविषयी सांगितले आणि मोबाइलवर त्याचे छायाचित्र दाखवले. एवढी चोच घेऊन तो झोपत कसा असेल, असे त्यांनी विचारले. मी रात्री थंड पडणाऱ्या हमिंगबर्डची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी लगेच वेलीकडे पाहून, "म्हंजी ह्येच्यावानीच की," असे म्हटले. इतक्या नेमक्या शब्दांत ही तुलना मला स्वतःला मांडता आली नसती.

आबांच्या मेंढ्या आता त्या पट्ट्याच्या खालून जातात, पण वेलीला सर्वांत मोठे संरक्षण बोराटीच्या काट्यांचेच आहे. जिथे बोराटी दाट आहे तिथे शेळीचे तोंड आत पोहोचत नाही, ओल टिकते, पाला कुजतो आणि चिलटेही भरपूर असतात. ज्या शेतकऱ्याच्या बांधाला हा पट्टा लागून आहे, त्यांच्याशी मी आणि आबा दोघे मिळून बोललो. त्यांची अडचण खरी होती. काटे वाढले की पेरणीच्या वेळी बैल आणि ट्रॅक्टर दोघांनाही वळायला जागा राहत नाही. शेवटी असे ठरले की शेताकडच्या अंगाची बोराटी तोडायची, पण ती पेटवायची नाही, आणि उताराकडच्या अंगाला हात लावायचा नाही. शेंगा तडकतात त्या दिवसांत गावातली बरीच माणसे ऊसतोडीला निघून गेलेली असतात, त्यामुळे तेव्हा बांधावर लक्ष ठेवण्याचे काम आबांनी आपणहून घेतले आहे. उताराच्या वरच्या अंगाला मुरूम काढण्यासाठी अर्ज झाला असल्याचे कळते. तो विषय येत्या ग्रामसभेत मांडायचा आहे, आणि त्यासाठी वेलीची, कंदाची आणि त्या बारीक माश्यांची माहिती सोप्या मराठीत एका पानावर लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे.